लिहिण्याचे क्लास गावभागातही होऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात चार रविवार लेखन कार्यशाळा झाली, फी नाही काही नाही, फक्त वही आणि पेन आणायचं. मी गेलो ते खरं तर मुलीला सोडायला आणि तिथंच बसलो. नववीतली पोरं, दोन रिटायर्ड मास्तर, हळदीच्या पेठेतले एक हमाल काका, सगळे एकाच सतरंजीवर. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या 2019 च्या महापुरावर लिहा पण 'भयानक' हा शब्द वापरायचा नाही! सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं तेव्हाचं सगळ्यांना आठवतंय, पण लिहायला बसलं की पेन हलेना. हमाल काकांनी चारच ओळी लिहिल्या, भिंतीवरची पाण्याची रेघ बायको रंग देऊ देत नाही म्हणून. सगळे गप्प. माझं दोन पानी लिखाण मी गुपचूप घडी करून खिशात टाकलं.

आता पुढची बॅच नाही म्हणे, हॉल लग्नाला दिलाय. ज्या जिल्ह्यात वाटेगावला 1920 साली अण्णाभाऊ साठे जन्मले, शाळा जवळपास न शिकता एवढं लिहून गेले, तिथं महिन्यातून दोन तास एक खोली मिळू नये? महापालिकेच्या शाळा रविवारी बंदच असतात की. एक वर्ग उघडून द्या, सतरंजी आम्ही आणतो.

– एक वाचक, सांगली