तुमच्या घरात माणसं किती, अक्का?

अक्का, नमस्कार.

हे पत्र नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘आधी जेव’ म्हणून विषयच संपवला असता.

सोलापुरात केगावच्या विद्यापीठातून मी पहिल्यांदा कुंभारीला विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत आले, शहराच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला. हातात प्रबंधासाठीची प्रश्नावली. पहिलाच प्रश्न, ‘कुटुंबातील व्यक्तींची संख्या’. मांडीवरच्या सुपातले हात न थांबवता तुम्ही विचारलंत, “कुणाची सांगू? जेवणाऱ्यांची, कमावणाऱ्यांची, की कार्डावरच्यांची?”

जेवणारी पाच. रेशन कार्डावर सात. भिवंडीत मागावर असलेला मुलगा जेवणाऱ्यांत नाही, पण घर त्याच्या पैशावर चालतं आणि लग्न ठरवताना पहिला शब्द त्याचा. शेजारच्या खोलीतली लेक वेगळी चूल मांडते, तरी दुखलंखुपलं तर एकच घर. जनगणना एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एक घर धरते, कायदा रक्ताचं आणि लग्नाचं नातं बघतो. तो रकाना मी कोराच परत नेला. सर म्हणाले, “हा भरायला समाजशास्त्र एकटं पुरणार नाही.” मग कायद्याच्या, अर्थशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या शिक्षकांकडे माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. ते सगळं तुमच्या त्या एका प्रश्नामुळे.

दुसऱ्या भेटीत सून तुम्हाला ‘अत्ता’ म्हणाली. मी वहीत ‘सासू’ लिहिलं. तुम्ही सांगितलंत की ती तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे तुम्ही तिची आत्याही. तेलुगूत दोन्हींना शब्द एकच. त्या रात्री मला माझी आजी आठवली. ती सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणायची. आमच्या घरात मामाच्या मुलीशी लग्न होऊन किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक, पण भाषेनं ते जपून ठेवलं होतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा नात्यांचे शब्द, जुने ग्रंथ आणि गावोगावची पाहणी एकत्र आणली. महाराष्ट्राला त्यांनी उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं. समजलं मात्र तुमच्या उंबऱ्यात, जिथे मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच नळावर पाणी भरतात.

विडीचं कार्ड तुमच्या एकटीच्या नावावर. पानं कातरते सून, दोरा बांधते लेक, हजार विड्यांमागची मजुरी मात्र एका नावानं जमा होते. कागदावर कामगार एक, मी हात मोजले सहा. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. तुमची डाळ चुलीवर आणि सूप मांडीवर असतं, तेव्हाचं मिनिट कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि घर. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही दहा हजार घरं २००६ मध्ये विडी कामगार बायकांना मिळाली, त्यातलं एक तुमच्या नावावर. जावई गेल्यावर लेक परत आली, तेव्हा ती राहणार कुठे यावर बैठक बसली नाही. तुम्ही “घर माझं आहे” एवढंच म्हणालात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे मी वाचलं होतं. आईच्या नावचं घर असलं की लेकीला हक्क मागावाही लागत नाही, हे तुमच्याकडे पाहिलं.

त्या दिवशी बोलता बोलता तुमचे हात थांबले होते. तेव्हा मी वही मिटली. ते प्रबंधात नाही, इथेही लिहिणार नाही.

प्रबंध बांधून आला आहे. रविवारी घेऊन येते. पहिल्या रकान्यात आकडा नाही. माणसं एकेक करून लिहिली आहेत, कोण कुठे जेवतं, कोण काय आणतं, कोण कुणाला काय म्हणतं. कुणी राहिलं असेल तर सांगा, तिथल्या तिथे पेनानं लिहीन. आणि हो, जेवूनच जाईन.

तुमची,
कॉलेजवाली पोरगी