दहा दिवसांचे करारी खेळाडू

महोदय,
एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या बातम्यांत ठरावीक ताऱ्यांचीच चर्चा असते. इश स्मिथ 2010च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडलाच गेला नाही; तरी विक्रमी 13 संघांकडून खेळून 2023मध्ये डेन्व्हरसोबत विजेता ठरला. अशांचा जीव जानेवारीत टांगणीला लागतो. हमी नसलेले करार 10 जानेवारीला पक्के होतात. वेव्हरचे, म्हणजे सोडलेल्या खेळाडूवर इतर संघांनी दावा करण्याचे, 48 तास धरून संघ त्याआधीच नारळ देतात. मग उरतो दहा दिवसांचा करार : दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एका संघाशी हंगामात असे दोनच. पुढे उर्वरित हंगामासाठी घ्यायचे, नाहीतर सोडायचे. तेवढ्यात नव्या संघाच्या चाली पाठ हव्यात. संघाच्या चाली रचणाऱ्या पॉइंट गार्डला तर इतर चौघांच्या जागाही! या कौशल्याला क्रीडापानावर जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे