मूठभर म्हणजे किती ग्रॅम?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात झाडं वाढवणं) सोडून सेंद्रिय मातीकडे वळणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सेंद्रिय खत जास्त झालं तरी झाडाला बाधत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे आणि पुढे कुंडीत मूठ-दोन मुठी पेंड मिसळायला सांगितली आहे. माझ्या सहा टोमॅटोंपैकी चार याच समजुतीपायी गेले. दोष आपल्या लेखाचा नाही, तो नंतर छापून आला. पण जे माझ्या हातून झालं तेच आता कितीतरी वाचकांच्या हातून होईल, म्हणून लिहायला बसले.

मी फार्मासिस्ट. ३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. ‘अहो, नैसर्गिकच आहे ते, कितीही घेतलं तरी चालतं,’ हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या वेळा खोडून काढलंय, की तेच वाक्य माझ्या गच्चीत माझ्याच तोंडून निघालं याची अजून लाज वाटते.

निवृत्तीनंतर तीन वर्षं मी झाडं पाण्यात वाढवली. ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. पाण्याचा पीएच ५.८ च्या आसपास, ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते दाखवणारा आकडा) पालेभाज्यांना सव्वा ते दीड, फळं धरलेल्या टोमॅटोला अडीच, दर दहा-बारा दिवसांनी टाकी रिकामी करून नवं द्रावण, आणि सगळं वहीत टिपलेलं. आमचे हे म्हणायचे, “अगं, ही झाडं आहेत की आयसीयूतले पेशंट?” त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पाण्यातलं झाड सलाइनवरच असतं. नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम सगळं विरघळलेलं, मुळांनी नुसतं उचलायचं. पचवायचं काही शिल्लकच नसतं.

मग एका रात्री पंप बंद पडला आणि सकाळी अर्धी बाग माना टाकून होती. तेव्हा ठरवलं की पुरे झाला हा यंत्राचा भरवसा, आता माती.

दहा-दहा लिटरच्या दहा कुंड्या भरल्या. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, आणि प्रत्येकीत शेंगदाण्याच्या पेंडेच्या दोन भरगच्च मुठी. त्याच संध्याकाळी जाळीच्या कपांतून सहा टोमॅटो आणि चार मिरच्या काढून त्यात लावल्या. टाकीत चाळीसेक लिटर द्रावण उरलं होतं. ते फेकून कशाला द्यायचं म्हणून तिसऱ्या दिवसापासून पाण्याऐवजी तेच घालत गेले. आता हे लिहिताना माझ्याच डोक्यावर टपली मारावीशी वाटते. पोट भरून जेवलेल्या माणसाला वर सलाइन लावण्यातला हा प्रकार.

चौथ्या दिवशी शेंडे मलूल झाले. नवीन जागा, रुळायला वेळ लागणार, असं म्हणून सोडून दिलं. नवव्या दिवशी पानांची टोकं बघितली. औषधांच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला ठेवलेलं भिंग मी आणलं. टोकाचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग तपकिरी, कागदासारखा कोरडा; त्याच्या आत पिवळी बारीक रेघ; आणि त्यापुढचं उरलेलं पान नको इतकं गर्द हिरवं, चकचकीत, कडा खाली वळून पक्ष्याच्या नखीसारख्या झालेल्या. खाली वाकून कुंडीचा वास घेतला तर नाकात अमोनियाचा झणका. बोट खुपसलं तर माती कोमट. दोन इंचांवर पेंडेचा गोळा होता, त्यावर पांढऱ्या बुरशीची लव, आणि वर चिलटं.

मी काय करावं? झाड उपाशी आहे असं वाटून त्याला आणखी द्रावण घातलं.

ही चूक फार जण करतात, म्हणून भूक आणि करपणं यांतला फरक सांगते. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत वर सरकतात. खत जास्त झालं तर आधी टोकं जळतात, मग कडा, आणि पान मात्र गर्द हिरवंच राहतं. फसवणारी गोष्ट एकच: पोटॅशियम कमी पडलं तरी जुन्या पानांच्या कडा करपतात. पण नुकत्याच खत घालून भरलेल्या कुंडीत ती शंका सगळ्यात शेवटी घ्यावी. झाड हलवल्यावर खालचं एखाद-दुसरं पान पिवळं होऊन गळणं हे तर दुखणंच नव्हे. त्याला काहीही देऊ नये.

टोकंच का जळतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळावं. रक्तापेक्षा तीव्र सलाइन दिलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुळांभोवती क्षार दाटले की तेच होतं: कुंडी ओली असूनही झाड तहानलेलं. त्यातून जे क्षार आत शिरतात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातात. पाणी तिथून उडून जातं, क्षार मागे राहतात.

आता खरा मुद्दा. ईसी मीटर हाताशी होतंच. कुंडीच्या खालून निथळलेल्या पाण्यात बुडवलं तर आकडा ४.८. नळाचं पाणी ०.४. हायड्रोपोनिक्सचा उपाय ठाऊक होता: धुऊन काढा. कुंडीच्या तिप्पट, म्हणजे ३० लिटर पाणी एका कुंडीतून सावकाश सोडलं. आकडा १.१ वर आला. मी समाधानाने झोपले. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं तर ३.२! मधल्या काळात मी त्यात चिमूटभरही काही घातलं नव्हतं.

मीटर खोटं बोलत नव्हतं. ते फक्त आत्ता विरघळलेलं दाखवतं. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात काय विरघळणार आहे ते त्याला दिसत नाही. टाकीतलं पाणी ओतून दिलं की हिशेब शून्यावर येतो. कुंडीत पेंड तशीच बसलेली असते आणि जिवाणू ती कुजवत राहतात. आधी अमोनियम, मग नायट्राइट, मग नायट्रेट. ही शेवटची कामं करणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. ते सावकाश वाढतात, आणि ताज्या भरलेल्या कुंडीत तर फारच थोडे असतात. त्यामुळे सुरुवातीचे आठवडे अमोनियम साठत जातं. पाण्यातल्या झाडाला आपण बहुतेक नत्र नायट्रेटच्या रूपात देत आलेलो असतो. त्याला हा मारा कसा सोसावा?

वहीत मांडलेला हिशेबही सांगते, कारण तो करेपर्यंत मला माझा गुन्हा केवढा आहे ते कळलं नव्हतं. माझी मूठ वजनकाट्यावर रिकामी केली तर ५० ग्रॅम भरली. दोन मुठी १०० ग्रॅम. शेंगदाणा पेंडेत साधारण ७ टक्के नत्र, म्हणजे कुंडीत ७ ग्रॅम. पाण्यात झाडं वाढवायला प्रयोगशाळांत वापरलं जाणारं पूर्ण ताकदीचं होगलंड द्रावण घेतलं तर त्यात लिटरला २१० मिलिग्रॅम नत्र असतं. म्हणजे ३३ लिटर द्रावणातलं नत्र मी दहा लिटरच्या एका कुंडीत एका संध्याकाळी कोंबलं होतं. गांडूळखत आणि वरून घातलेलं द्रावण यात धरलेलंच नाही. सगळं नत्र एकदम सुटत नाही हे खरं, पण उष्ण हवेत, ओलसर मातीत पेंडेतला मोठा वाटा थोड्या आठवड्यांतच सुटतो. तुलनेसाठी: निंबोळी पेंडेत नत्र ५ टक्क्यांच्या आसपास, एरंडी पेंडेत चारच्या थोडं वर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का. या सगळ्यांना ‘मूठभर’ हे एकच माप लावणं म्हणजे पॅरासिटामॉल आणि डिगॉक्सिन (हृदयाचं औषध, ज्याची मात्रा फार जपून द्यावी लागते) दोन्ही ‘एक गोळी’ म्हणून देण्यासारखं आहे.

उरलेल्या कुंड्यांतून मी चमच्याने पेंडेचे गोळे उकरून काढले. मिरच्या चारही वाचल्या, टोमॅटो दोन.

दुसऱ्या खेपेला असं केलं. मोठी, फळं धरलेली झाडं हलवलीच नाहीत, त्यांना टाकीतच आयुष्य पुरं करू दिलं. पाण्यात वाढलेली मुळं लांब, मऊ आणि ठिसूळ असतात, त्यांच्यावर मूळरोमही कमी. मातीतून पाणी ओढायचं तर बरीचशी मुळं नव्याने फुटावी लागतात आणि मोठ्या झाडाला तेवढी उसंत नसते. त्यापेक्षा वाचलेल्या टोमॅटोच्या बगलफुटी काढून साध्या पाण्यात ठेवल्या, आठ-दहा दिवसांत मुळं सुटली. चार-सहा पानांची काही रोपं टाकीतून थेट हलवली, पण आधीचे पाच दिवस द्रावण निम्मं केलं आणि शेवटचे दोन दिवस नुसतं पाणी. मुळांभोवतीचा स्पंज ओढून काढला नाही. लावणी संध्याकाळी, पुढचे पाच दिवस सावली.

दहा लिटरला चार भाग माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट धुतलंच पाहिजे, त्यात स्वतःचे क्षार असतात. पेंड १५ ग्रॅम, काट्यावर मोजून, बारीक करून, सगळीकडे सारखी मिसळलेली. आणि मिश्रण भरून तीन आठवडे ओलसर ठेवून दिलं, झाड न लावता. माझ्यासारखीला हे सगळ्यात जड गेलं. रिकाम्या कुंडीला रोज पाणी शिंपडताना बघून ह्यांनी विचारलंच, “आता मातीला सलाइन का?”

तीन आठवड्यांनी एका कुंडीत दहा मूग पेरले. नऊ उगवले, पहिली पानं स्वच्छ हिरवी. मग रोपं लावली. बियांची ही चाचणी कोणत्याही मीटरपेक्षा मला विश्वासाची वाटते. कोंबाची टोकं करपली तर मिश्रण अजून गरम आहे, आणखी दोन आठवडे थांबायचं. लावणीनंतर चार आठवडे खत बंद. नुसतं पाणी, तेही वरचा इंचभर थर सुकल्यावर. पहिला आठवडा तेवढा स्पंजाभोवती ओल राखायची, कारण पाण्यातल्या मुळांना कोरडं माहीतच नसतं. पण चिखलही नको, मुळांना हवा लागते आणि जिवाणूंनाही. फुलं आल्यावर प्रत्येक कुंडीत वरून १०० ग्रॅम गांडूळखत. पीएच उतरवायची आम्लाची बाटली कपाटात टाकली. जिवंत मातीत सहा-सातच्या दरम्यानचा पीएच माती स्वतः सांभाळते, आपण रोज ढवळाढवळ करायची गरज नसते.

हायड्रोपोनिक्सला मी नावं ठेवत नाही. तिथे मात्रा रोज ठरते, चुकली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. सेंद्रिय कुंडीत मात्रा भरतानाच एकदा ठरते, आणि नंतर हात आवरायचा असतो. पाण्यातून मातीत येणाऱ्या माणसाला रोज काहीतरी घालायची सवय लागलेली असते. झाडं त्या सवयीने मरतात. आपल्या लेखात हे कुठेच नव्हतं.

तेव्हा विनंती एवढीच, की बागकामाच्या लेखांत यापुढे मूठ, ओंजळ आणि अंदाजे हे शब्द येऊ देऊ नयेत. किती लिटरच्या कुंडीला कोणतं खत किती ग्रॅम, आणि ते घातल्यावर किती दिवस थांबून झाड लावायचं, हे चौकटीत छापावं. चमचा लिहिलाच, तर तो सपाट की शीग लावलेला, तेही लिहावं.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट