मनःपूर्वक आभार

सातपूरमधील आमच्या अंगणात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवताना मदतीला धावून आलेल्या आणि नावे न सांगताच निघून गेलेल्या आपणा दोघांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे शक्ती नेणारे दांडे) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारी पेटी) मी एकट्याने सोडवले होते. परंतु बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या आवरणाचे) सर्व बोल्ट काढूनही गिअरबॉक्स हलेना, तेव्हा पहार घेतलेला माझा हात काकांनी धरला आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनासोबत फिरणाऱ्या तबकडीपासून) आधी सोडवायला हवा, हे समजावले. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पान्याने हळूहळू फिरवत, एकेक बोल्ट झरोक्यासमोर आणून, तेलाने माखलेल्या बोटांनी त्यांनी तो काढला. कन्व्हर्टर निसटू नये म्हणून दादांनी तो तारेने बांधला. आपला १७ नंबरचा पाना माझ्याकडे राहिला आहे; न्यायला अवश्य यावे.