डेनिमच्या तुकड्यांतील निळाई

महोदय,

जुन्या जीन्सच्या पिशव्या कशा शिवाव्यात हे पुरवण्यांतून वारंवार छापून येते. त्याच कापडातून घडणाऱ्या, निवांत न्याहाळण्याच्या वस्त्रचित्रांबद्दल मात्र क्वचितच. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे बहुधा पांढरे असतात आणि नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नसल्याने गुडघ्यावर कापड विटते, तर उसवलेल्या खिशाखाली गडद चौकोन जसाच्या तसा सापडतो. तो चौकोन मी कधीच कापत नाही. त्याभोवती फिकट तुकडे लावून साशिको या जपानी भरतकामासारखा पांढरा धावदोरा घालते. (१८७३च्या पेटंटपासून चालत आलेले रिव्हेट, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवरचे धातूचे खिळे, आधी काढावेत, अन्यथा सुई मोडते.) अशा कामांची छायाचित्रे आपण पुरवणीत छापावीत, ही विनंती.

आपली,
एक वाचक