घर मिळालं, कामं गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2019 च्या सप्टेंबरात पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं पाणी दांडेकर पुलाजवळच्या आमच्या घरात छातीपर्यंत चढलं होतं. ओढ्याकाठी राहणं धोक्याचं, हे मला कुणी शिकवायला नको. पुढे पुनर्वसनात आम्हाला हडपसरला घर मिळालं. 2000 सालाच्या आधीचे पुरावे मागितले. रेशनकार्ड, लाइटबिल, झोपडीचा फोटोपास, सगळं पत्र्याच्या पेटीत जपलेलं होतं, म्हणून पात्र ठरलो. घरात संडास आहे. बाईमाणसाला ही केवढी मोठी गोष्ट, ते रांगेत उभं राहिलेल्यालाच कळेल.

पण मी पोळ्यांची कामं करते. सदाशिव पेठेत चार घरं होती, बावीस वर्षांपासूनची. वस्तीतून चालत पंधरा मिनिटं. पहिल्या घरी आजोबांना शुगर, त्यांना साडेसातला गरम पोळी लागायची. आता पहाटे साडेचारला उठते, हडपसरहून स्वारगेट, तिथून पायी. एक बस चुकली की पुढची दारापर्यंत भरलेली. एकदा पोचायला पावणेनऊ झाले, तर कणीक ओल्या फडक्याखाली तशीच आणि ओट्यावर पोळीभाजी केंद्राची पिशवी. वहिनी रागावल्या नाहीत, ‘तुमचा काय दोष, मावशी,’ म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून ते काम सुटलं. मग दुसरं सुटलं. आता दोन घरं उरलीत, आणि त्यातला बराच पैसा बसलाच जातो.

सर्व्हेवाल्यांनी घर मोजलं, कागद तपासले, दारात उभं करून फोटो काढला. कामाला कुठे जाता, हे कुणीच विचारलं नाही. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीही येते. वस्तीच्या मीटिंगमध्ये ऐकलेलं हे वाक्य मी विसरलेले नाही. मग पुनर्वसनात रोजीरोटी का धरत नाहीत?

आमच्यासाठी निदान पहाटे पाचला इमारतीपासून स्वारगेटला थेट बस सुरू करावी. आमच्या मागच्या गल्लीतली बिऱ्हाडं अजून ओढ्याकाठीच आहेत. त्यांचा सर्व्हे होईल तेव्हा घरातला कोण कुठे कामाला जातो ते लिहून घ्या, आणि तिथून एका बसच्या अंतरात घर द्या.

– पोळ्यांची कामं करणारी एक वाचक, हडपसर