कमरेवरच्या पेल्याबद्दल आभार

डॉक्टर ताई, रामराम.

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, त्यामुळं समोर आभार मानताना जीभ अडखळली. म्हणून इथं चार लोकांत लिहितोय.

मी तालमीतला गडी. ऐन भरात रोज हजार बैठका मारल्या, कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या मातीत लढलो. पुढं तिथंच गंगावेशीत, गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन उभा राहू लागलो. मागल्या पावसाळ्यात ४० लिटरचा भरलेला कॅन उचलताना कमरेत उसण भरली, ती जाईचना. एकानं तेल लावून तुडवलं, दुसऱ्यानं महिनाभर निजून राहा म्हणून सांगितलं. आता म्हशी काय महिनाभर पान्हा चोरून थांबणार?

तुम्ही मला रांगत्या बाळागत गुडघ्या-हातांवर उभं केलंत. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, १० सेकंद. मनात म्हटलं, पोरीनं पैलवानाची चेष्टा मांडलीय. मग कमरेवर पाण्याचा भरलेला पेला ठेवलात. पाच आकडे मोजेस्तोवर पाय लटलटायला लागला आणि सगळं पाणी सदऱ्यात. तुम्ही हसला नाहीत, त्याचे आभार वेगळे.

मग माझ्याच धंद्यातलं बोलून समजावलंत. धड म्हणजे कॅन. वरचं झाकण श्वासाचा पडदा, बूड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, भोवतीचा पत्रा पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, आणि मागं मणक्याला बिलगलेले बारीक स्नायू. हात हलायच्या आधी हे सगळं आवळायला पाहिजे; माझं उशिरा आवळत होतं. वस्ताद ‘श्वास कोंडू नको’ म्हणून का ओरडायचे, ते पन्नाशीत कळलं.

पाठीवर निजून झटक्यानं उठायचा माझा जुना व्यायाम तुम्ही बंद केलात, मणक्यातल्या गादीवर दाब येतो म्हणून. त्याचा मला रागच आला होता. आता सकाळी धार काढून झाली की गोठ्यातच सतरंजी टाकतो. तोच हात-पाय लांबवायचा व्यायाम प्रत्येक बाजूला आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरायचं ते अजून जमता जमत नाही. कॅन अंगाशी धरून, गुडघ्यात वाकून, श्वास सोडत उचलतो. वैरणीचा भारा मात्र पोरगाच घेतो.

जोतिबाच्या यात्रेत आठ दिवस सगळं सोडलं होतं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी कमरेनंच आठवण केली.

डाव्या बाजूला पेला अजून थोडा सांडतो. एकदा सकाळी कट्ट्यावर या. समोर धार काढून फेसाळतं दूध देतो, आणि पैसे काढायचे नाहीत.